वहाळाचे मालक

“नाला कुणाला म्हणता?”

मुंबईजवळच्या आचोळ्यातल्या आमच्या सोसायटीमागून वाहणाऱ्या पाण्याला कुणी नाला म्हटलं की काका जागच्या जागी थांबत. हातातला कोयता काखेत धरत आणि उजवा तळहात समोरच्याच्या छातीपुढे आडवा करत. “नाला गटाराचा असतो. हा वहाळ आहे. डोंगरातून येतो. परत म्हणा.”

समोरचा मुकाट्याने ‘वहाळ’ म्हणायचा. मग काका हात खाली घेऊन त्याला पुढे जाऊ देत.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याला एखादी गोष्ट आवडली, की ती दुसऱ्या कुणाला आवडलेली त्याला खपत नाही. काका तसे होते. मूळचे राजापूरकडचे. मुंबईत एका औषध कंपनीच्या गोदामात नोकरी केली, कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली आणि हा धडधाकट माणूस भर दुपारी घरात दिसू लागला. काकूंनी चार दिवस सहन केलं. मग एकदा जिन्यात मला म्हणाल्या, “बाई, डबे कसे लावायचे ते आता मला शिकवतायत. कुठेतरी पाठवायला हवं यांना.”

पाठवायची वेळ आलीच नाही. एका सकाळी काका कोयता घेऊन स्वतःच मागे उतरले. त्या काळात आमच्याकडे इमारतींवर इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीचं डेब्रिज वहाळाच्या काठावर येऊन पडत होतं. त्यावर घाणेरीची झुडपं माजलेली. काकांनी घाणेरी तोडली, विटांचे तुकडे वेचून खड्ड्यांत भरले, वर माती ओढली. पावसाळा संपेपर्यंत छोट्या पुलापासून जांभळाच्या झाडापर्यंत माणूस चालेल एवढी वाट झाली होती.

मी घरी शिकवण्या घ्यायचे. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला चालायला सांगितलेलं, आणि रस्त्यावर रिक्षा अंगावर यायच्या. म्हणून मी त्या वाटेवर गेले. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “चाला. पण मधून चाला. कडेची माती आज लावलीय.” मग दोन पावलं मागून आले. “आणि कुणाला सांगू नका.”

मी चौघींना सांगितलं. आठवडाभरात आम्ही नुसत्या चालणाऱ्या राहिलो नाही, घमेली उचलू लागलो. काकांना मदत हवी होती आणि मदत करणारे नको होते. कुणी पायरी बांधली की ते कमरेवर हात ठेवून बघत आणि म्हणत, “बरी आहे. पाणी आल्यावर बघू.” स्वतःच्या पायरीबद्दल असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

माझी एक मैत्रीण भुईगावची. तिच्या वाडीतून मी सोनटक्क्याचे कंद आणले आणि हौसेने पाण्याच्या कडेला लावले. दुसऱ्या दिवशी पाहते तर कंद हातभर पलीकडे.

“काका, हे कुणी हलवले?”

“जागा चुकली होती.”

पुढच्या वर्षी तिथे पांढरं रान फुललं. वास पुलापर्यंत यायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, वा, बाईंचा सोनटक्का! ते ऐकलं की काका हातातलं काम टाकून यायचे. “कंद बाईंचे. जागा माझी.”

हा जळफळाट वहाळापुरताच होता असं समजू नका. काकू गोऱ्या, ठेंगण्या, हसायला लागल्या की पदर तोंडाशी नेणाऱ्या. दुसऱ्या कुणाच्या विनोदाला त्या हसल्या की काकांना खोकला लागायचा. कोरडा, मोठा खोकला. काकू हसणं थांबवत नसत. उलट आमच्याकडे बघून डोळा बारीक करत आणि अजून थोडं हसत.

मग जाधवसाहेब आले.

ते बँकेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे, आवाज खणखणीत. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले आणि पहिल्याच रविवारी वाटेवर हजर झाले. हा माणूस कुणालाही नावाने हाक मारायचा आणि हाक मारली की समोरच्याला फावडं हातात घ्यावंसं वाटायचं. महिन्याभरात रविवारी सकाळी पंचवीस-तीस माणसं जमू लागली. चहाचं पातेलं आलं. कुणाच्या ओळखीने सिमेंटचे बाक आले. करंजाची, उंडीची रोपं आली. वाट जांभळापासून पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. आणि खरं सांगायचं तर, वाट छान झाली.

काका जाधवसाहेबांशी भांडले नाहीत. भांडायला जाधवसाहेबांनी जागाच ठेवली नव्हती. ते प्रत्येक गोष्ट काकांना विचारायचे. “काका, इथे बाक ठेवू ना?” काका म्हणायचे, “ठेवा. पाणी आल्यावर बघू.” आणि संध्याकाळी एकटेच जाऊन तो बाक ढकलून बघायचे.

वाट पुरी झाली तेव्हा साहेबांनी छोटा समारंभ ठेवला. मांडव, खुर्च्या, एक स्थानिक पुढारी. भाषणाच्या शेवटी साहेबांनी प्रेमाने काकांना पुढे बोलावलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइकवर म्हणाले, “आपले ज्येष्ठ सहकारी!”

टाळ्या पडल्या. काका शाल घेऊन खाली उतरले ते सरळ माझ्या खुर्चीपाशी.

“सहकारी?” त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “बाई, मी सहकारी?”

शेजारी काकू होत्या. त्या त्या दिवशी हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका वाटेवर नव्हते. तिसऱ्या दिवशीही नव्हते. मग पलीकडच्या काठावरून कोयत्याचा आवाज येऊ लागला. एरंडाच्या आणि घाणेरीच्या आत कुठेतरी पांढरा सदरा हलत होता. काकांनी समोरच्या काठावर स्वतःची वाट काढायला घेतली होती.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं आमच्या वहाळाला दोन वाटा होत्या. अलीकडे तीस माणसं, चहा, गप्पा. पलीकडे एकटे काका. तो काठ उंच, दगडांचा, अडचणीचा. आम्ही हात केला तर ते हात करायचे, पण नजर आमच्या वाटेवर फिरायची. कुठला बाक कलला, कुठे माती खचली, सगळं तिथून टिपायचे. त्यांच्या वाटेवर चुकून कुणी आलंच तर काका त्याच्या मागोमाग पार टोकापर्यंत जायचे. त्यामुळे तो माणूस पुन्हा यायचा नाही.

आणि काकू मात्र रोज आमच्याच काठाने चालायच्या. त्यांचे गुडघे दुखायचे, आमची वाट सपाट होती, मैत्रिणी होत्या. काकांना हे किती लागत असेल ते पलीकडून येणाऱ्या हाकांवरून कळायचं.

“अगो, ऊन लागतंय! पदर घे डोक्यावर!”

“घेतलाय!”

“त्या बाकावर बसू नको, तो हलतो!”

“हलत नाही हो! साहेब पण बसलेत!”

पलीकडून खोकला. अलीकडे काकूंचं हसू. मध्ये पाणी.

मला त्या बाईचा हेवा वाटायचा, अगदी उघड हेवा. आमच्या घरी मी कुठल्या काठाने जाते, किती वाजता येते, कुणाबरोबर हसते, याची कधी चौकशी झाली नाही. आमचे हे भले गृहस्थ. डोळ्यांपुढे वर्तमानपत्र धरलेलं असायचं. आणि इथे एक म्हातारा माणूस बायको दुसऱ्यांच्या बाकावर बसते म्हणून पाण्यापलीकडे जळत उभा. शिकवणीची मुलं गेल्यावर मी खिडकीशी उभी राहायचे आणि त्या हाका आठवायचे.

एका हिवाळ्यात काका हातगाडीवरून माल ठेवायच्या मोडक्या लाकडी पॅलेट घेऊन आले. सातिवलीच्या एका गोदामात ओळख काढली होती म्हणे. आठ-दहा दिवस पलीकडे ठोकाठोक चालली आणि त्यांतून एक बाक उभा राहिला. मग त्यांनी पाण्यात दगड टाकले, एकापुढे एक, काकूंच्या पावलांच्या बेताने. सगळं झाल्यावर काठावर उभे राहिले. बोलावलं मात्र नाही.

“जा ना,” मी काकूंना म्हटलं.

“बोलावू देत.”

“ते बोलावणार नाहीत.”

“माहितीय मला,” असं म्हणून त्यांनी माझा हात धरला आणि साडी वर खोचली. आम्ही दोघी दगडांवरून पलीकडे गेलो. काकूंनी बाकावर बसून घेतलं. काका मागे उभे. त्यांच्या हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या.

“कसं आहे?”

“टोचतंय थोडं.” काकूंनी हात फिरवून पाहिला. “पण ऐसपैस आहे.”

काकांचा चेहरा फुलला. मग काकूंनी समोर पाहिलं. कोवळ्या उन्हात आमची वाट, करंजाची रोपं, चहाच्या पातेल्याभोवतीची माणसं दिसत होती. आणि त्या भाबडेपणाने म्हणाल्या, “अगंबाई, इथून ती वाट किती सुंदर दिसते हो!”

काका तिथून निघून गेले. दोन दिवस काकूंशी बोलले नाहीत, असं नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी काच-कागद आणून त्यांनी तो बाक घासून गुळगुळीत केला.

मग पुढचा जुलै आला. दिवसरात्र पाऊस पडला आणि डोंगराकडून पाण्याचा लोंढाच उतरला. वहाळ दोन्ही काठ सोडून सोसायट्यांत शिरला. तळमजल्याच्या घरांत छातीइतकं पाणी होतं. जाधवसाहेबांचं घर बुडालं. त्यांना आणि त्यांच्या बायकोला आम्ही वरच्या मजल्यावर घेतलं. पाणी ओसरल्यावर आम्ही मागे गेलो तर अलीकडे वाट नव्हतीच. बाक गेले होते, करंज गेले होते, काठाचा लचका तुटून खाली लाल माती उघडी पडली होती. पलीकडे उंचावर काकांची वाट जशीच्या तशी. बाकसुद्धा जागेवर होता.

काका पुलावरून आले. काठावरचे सगळे त्यांच्याकडे बघू लागले. इतकी वर्षं ते म्हणत होते, पाणी आल्यावर बघू. आता पाणी येऊन गेलं होतं. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तरी आमच्यातलं कुणीतरी रडलं असतं.

जाधवसाहेब चिखलात एका दगडावर बसले होते. अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी तोकडा शर्ट. त्यांचा तो खणखणीत आवाज बसलेला. ते म्हणाले, “काका, तुमची वाट राहिली. बरं झालं. आता सगळे तिकडूनच चालू.”

काकांनी तुटलेला काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मग म्हणाले, “तिकडची वाट मी रागाने केली. ती उंचावर आहे ती माझ्या हुशारीने नाही, तिकडे जागाच तेवढी होती.” त्यांनी आणलेलं फावडं मातीत रोवलं. “इथली पहिली होती. घाणेरी तोडून केलेली. तुम्ही कुणी नव्हतात तेव्हा.”

“तुमचीच आहे ही,” जाधवसाहेब म्हणाले. “सगळ्यांच्या देखत सांगतो. तुमचीच.”

मला वाटलं, काका आता खोकतील. पण ते नुसते साहेबांकडे बघत राहिले, जणू त्यांनी काहीतरी फार महागाचं हातात ठेवलं होतं आणि ते कुठे ठेवावं ते कळत नव्हतं.

“मग बसलात काय?” ते शेवटी म्हणाले. “घमेलं धरा.”

त्या दिवाळीपर्यंत वाट पुन्हा झाली, करंजही नव्याने लावले. या वेळी काका रोज होते, आणि रोज सगळ्यांच्या अंगावर ओरडत होते. जाधवसाहेब घमेलं धरायचे आणि काका फावड्याने भरायचे. दोघांची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. साहेबांनी कुणाला हसवलं की काकांची पाठ अजूनही ताठ व्हायची. पण चहाचा पहिला कप साहेब त्यांना द्यायचे आणि ते घ्यायचे.

पुढे काकांचं हृदय कुरकुरू लागलं आणि मुलाने दोघांना डोंबिवलीला नेलं. तिथून दर रविवारी दुपारी माझ्याकडे फोन यायचा. तब्येतीचं विचारलं की उडवून लावायचे.

“तिथे आता झाडतं कोण?”

“नव्या इमारतीतले एक गृहस्थ आहेत. रोज येतात.”

पलीकडून तोच जुना खोकला. मग, “बरं झाडतात?”

“बरं झाडतात.”

“पानं कुठे टाकतात?”

“करंजाच्या मुळाशी.”

“हं.” आणि फोन ठेवून द्यायचे. मला तो त्यांचा ‘हं’ फार आवडायचा. एवढ्या लांबून, एवढ्या दुखण्यात, अजून कुणावर तरी जळणारा माणूस जिवंत असतो, असं वाटायचं.

एका रविवारी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा आला.

तेरावं झाल्यावर काकू एकदा आल्या. सकाळची वेळ, वाटेवर चालणाऱ्यांची गर्दी. आम्ही सगळे पुलापाशी त्यांची वाट बघत होतो. साथ द्यावी म्हणून मी पुढे झाले तर त्यांनी हलकेच माझा हात बाजूला केला.

“बाई, आज मला एकटीला जाऊ द्या. त्यांना इथे दुसरं कुणी आवडायचं नाही.”

आम्ही थांबलो. काकू चप्पल काढून हातात घेऊन निघाल्या. मागून जॉगिंग करणारी दोन तरुण माणसं आली, त्यांच्यामागे एक जोडपं. जाधवसाहेब वाटेच्या तोंडाशी गेले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले.

“जरा थांबा,” ते हळू आवाजात म्हणाले. “आत मालक आहेत.”

सगळे जागीच थांबले. वळणावर काकू एकदा थांबल्या, थोड्या कडेला सरकल्या, शेजारी कुणाला जागा द्यावी तशा, आणि मग झाडांमागे दिसेनाशा झाल्या.