नाव नसलेल्या नवरीचा धवला

माझी आई धवलारीण आहे. आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्नाच्या मांडवात बसून जी बाई धवले गाते, ती धवलारीण. हळद लागण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्ट तिच्या गाण्याने पुढे सरकते. धवल्यात नवरीचं नाव येतं, तिच्या आईबापाचं येतं, मामाचं येतं, आणि स्वतःचं नाव कानावर पडलं की नवरी हमखास रडते. लहानपणी आईच्या मांडीला मांडी लावून मी अशा कितीतरी नवऱ्या रडताना पाहिल्या. आपल्या वेळी आपण रडायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

माझ्या वेळी धवलाच झाला नाही. नवरा देशावरचा, जातीबाहेरचा. बाबांनी एकच वाक्य ऐकवलं, "या घरात मांडव पडनार नाय." आई मध्ये पडली नाही. मग वसईला जाऊन आम्ही रजिस्टर लग्न केलं, सह्या केल्या, हार घातले आणि बाहेर येऊन मिसळ खाल्ली. मला त्याचा पश्चात्ताप नाही. नवरा गुणी आहे, माझ्याहून बरा स्वयंपाक करतो. पुढे बाबाही निवळले. आम्ही गेलो की चहा घ्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे, जावयाला केळीचा घड काढून द्यायचे. लग्नाचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. असेच एक दिवस ते गेले.

मी सिनेमांना पार्श्वसंगीत देते. आचोळ्याच्या आमच्या फ्लॅटमधली आतली खोली हाच माझा स्टुडिओ. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, तरी शेजारच्यांचा मिक्सर लागला की काम थांबवून बसावं लागतं. मागच्या वर्षी एक दिग्दर्शक आला. वयाने लहान, उत्साहाने उतू जाणारा. त्याच्या सिनेमात एक कल्पनेतलं प्राचीन शहर होतं, आणि तिथलं संगीत त्याला जुन्या मेक्सिकोकडचं आणि आफ्रिकेचं असं मिसळून हवं होतं. "कोणीही कधीच ऐकलं नसेल असं, ताई," तो म्हणाला. सगळेच असं म्हणतात आणि मग आधी ऐकलेलंच काहीतरी नमुना म्हणून पाठवतात. यानेही पाठवलं.

पण काम हातात घेतलं आणि मी त्यात बुडालेच. मेक्सिकोकडच्या त्या लोकांची वाद्यं जमिनीतून निघाली आहेत. मातीच्या बासऱ्या, पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या, शंख, कासवाच्या पाठी, आणि आतून पोखरून वर जिभांसारख्या दोन पट्ट्या कापलेला लाकडी ओंडका. फुंकलं तर त्यातल्या कितीतरी बासऱ्या आजही वाजतात. चाली मात्र गेल्या. काही गाण्यांच्या शब्दांशेजारी ढोलाचे बोल तेवढे लिहिलेले सापडतात, तबल्याच्या बोलांसारखेच, तो, ती, को, की. ते कसे वाजवायचे हे खात्रीने सांगणारं माणूस उरलेलं नाही. एका अभ्यासकाने अशा बासरीतून काढलेला एकच लांब सूर मी परत परत ऐकत बसायचे. त्या सुरावर कोण नाचत होतं, कोण रडत होतं, काही कळायला मार्ग नव्हता, आणि मला उगाचच भरून यायचं.

आफ्रिकेचं तसं नाही. तिथलं पुष्कळसं संगीत आज नांदतं आहे. लाकडाच्या फळीवर लोखंडी पट्ट्या बसवून अंगठ्याने छेडायचं वाद्य, खाली भोपळे टांगलेल्या लाकडी पट्ट्या, मण्यांची जाळी गुंफलेला भोपळा. पश्चिमेकडे एक ढोल तर माणसासारखा बोलतो. त्यांच्या भाषेत सूर चढला-उतरला की अर्थ बदलतो, म्हणून ढोलाच्या दोऱ्या बगलेत आवळत-सोडत वाजवणारा माणूस समोरच्याचं नाव घेऊ शकतो, त्याच्या बापआजाचंही. हे वाचलं आणि मला आई आठवली. ढोल नाही, पण लग्नात नावं घेऊन कुळ उभं करणारी बाई तर माझ्याच घरात होती.

भोपळ्यासाठी मी आधीच आईकडे हात पसरला होता. माझं माहेरचं घर वसईजवळ, सांडोरच्या पलीकडे, मागे केळीची बाग, कुंपणावर दुधी. "बियाला ठेवलेले सुकलेले दुधी दे," म्हटलं तर आई म्हणाली, "लोक दुधी खातान, तू वाजव." पण दिले. मी त्यांना मण्यांची जाळी गुंफली, ओंडक्याच्या ढोलाचा आवाज घेतला, त्यावर मातीच्या बासरीचे पाच सूर ठेवले, आणि नायिकेच्या लग्नाच्या प्रसंगाला एक चाल बांधली. दिग्दर्शक खूश झाला. मीही खूश होते. पुढच्या खेपेला आईला मोबाईलवर ऐकवली.

तिने सुपातले तांदूळ निवडता निवडता ऐकली आणि मान वर केली. "कोन मेला?"

"मेलं कुणी नाही. लग्न आहे."

"असल्या लग्नात मी जेवायला पन बसनार नाय."

मला राग आला. खरं कारण हे, की तिचं बरोबर होतं. आपण ऐकलं नाही ते जुनं, आणि जुनं म्हणजे गंभीर, असं धरून मी चाललेले. ज्यांच्या चाली हरवल्या ते लोक हसतही असतील, मुलीच्या मामाला चिडवतही असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिला म्हटलं, मग तू गा. शब्द नकोत, चाल दे, त्याला मी बासरी आणि ढोल लावते.

"बिनलग्नाचा धवला बोलत नाय," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळात डोकं घातलं. आमच्याकडे धवला गातात असं म्हणत नाहीत, बोलतात म्हणतात.

ही तिची अट नवी नव्हती. एका प्राध्यापकबाई लोकगीतं गोळा करायला आल्या होत्या, त्यांनाही तिने चहा पाजून वाटेला लावलं होतं. मांडव हवा, नवरी हवी. आणखी एक, एका नवरीचा धवला एकदाच. तो परत म्हणणं म्हणजे तिचं पहिलं लग्न मोडलं असं म्हणणं. गावात एका लग्नाची व्हिडिओ शूटिंग बिघडली होती. शूटिंगवाल्याने "आजी, फिरसे" म्हटलं तेव्हा आई उठून सरळ घरी आली होती.

मी हट्ट सोडला नाही. खरं सांगायचं तर सिनेमा हे निमित्त होतं. मला तिच्या तोंडून एकदा धवला असा ऐकायचा होता, की तो दुसऱ्या कुणाच्या मुलीचा नसेल. हे तिला सरळ सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मेक्सिको आणि आफ्रिका मध्ये घातली. मी तिला लॅपटॉपवर तो प्रसंग दाखवला. पानाफुलांचा मंडप, मध्ये दागिन्यांनी मढलेली मुलगी, भोवती बायका. आईने चष्मा लावून बारकाईने पाहिलं.

"मांडव हाय," ती नाइलाजाने म्हणाली. "पोर पन बरी हाय. येते मी."

ती दुपारी रिक्षाने आचोळ्याला आली. येताना आळूची पानं आणि आणखी दोन दुधी. नवऱ्याने पंखा बंद केला, माईक तिच्या उंचीला लावला. हेडफोन तिने कानावर न घालता गळ्यात अडकवला, माळेसारखा. पदर सारखा केला, डोळे मिटले, आणि परत उघडले.

"पोरीचा नाव काय?"

मी दिग्दर्शकाला फोन लावला. तो म्हणाला, नायिकेला नाव दिलेलंच नाही, ती जगातल्या प्रत्येक मुलीची गोष्ट आहे. मी आईला तसंच सांगितलं.

"प्रत्येक पोरीला तिचा नाव असतं," आई म्हणाली. "बिननावाची नवरी मांडवातून कशी उठवू मी?"

शेजारचा मिक्सर नेमका बंद होता. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी म्हटलं, "माझं नाव घाल."

आईने माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. मग हेडफोन गळ्यातून काढून हळूच टेबलावर ठेवला.

"तुझा धवला बोलून झालाय."

मला कळेना. "कधी? माझ्या लग्नाला मांडव कुठे होता?"

"वसईला तुम्ही सया करत होता तवा. मी केळीत गेले. चार बाजूला चार केळी होत्या, अजून काय पायजे मांडवाला? मधी उभी रायले नि बोलले सगला. हळदीपासून तू निघेपरयंत. तुझा नाव, माझा नाव, मामाचा नाव. जावयाचा पन घेतला, नीट येत नव्हता तरी घेतला."

"आणि बाबा?"

"ते तिकडंच होते, झाडांना पानी सोडत होते. मना वाटला, आता वरडतील. त्यांनी जाऊन पान्याची मोटार बंद केली. आवाजात ऐकू येत नव्हता ना. धवला संपेपरयंत पान्याच्या पाटाच्या कडेला बसून रायले, मंग परत मोटार चालू केली. घरात येऊन एक शब्द बोलले नाय."

मी विचारलं, त्यांचं नाव जिथे येतं तिथे काय केलं त्यांनी. आई म्हणाली, तिने पाहिलं नाही, तिचे डोळे मिटलेले होते.

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, एकदा म्हण, इथे दुसरं कुणी नाही, यंत्र बंद करते. एकच कडवं. माझ्या नावाचं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, लहान मुलीला समजावतात तशी. "नाय ग बाय," ती म्हणाली. "तुझा संसार चाललाय चांगला."