अयोध्यावहिनीनं नाकारलेला पगार

ननंदेनं भावजयीचं कौतुक करावं असा रिवाज आमच्याकडे नाही. नावं ठेवावीत, फार तर गप्प बसावं. पण माझी वहिनी अयोध्या हिच्याबाबतीत मला गप्प बसवत नाही. कुणाला खटकलं तर खुशाल खटकू दे.

परंडा तालुक्यात, सोनारीच्या वाटेवर आमचं गाव आहे आणि गावात खव्याचा कारखाना. वहिनी तिथं दूध घेण्याच्या कामाला लागली. तिथले साहेब लोहाऱ्याचे, रुद्रेश नावाचे. वयानं माझ्या दादापेक्षा लहान, बोलायला सावकाश.

कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. आमची चुलती हरणाबाई नुकत्याच व्यालेल्या म्हशीचं दूध घेऊन आली. ते अजून चिकाचं होतं, तापलं की फाटणारच. वहिनीला ठाऊक नव्हतं असं नाही. परवाच त्या म्हशीचा खरवस आमच्या घरी आला होता आणि ती वाटी घासून परत देणारी वहिनीच. पण चुलतसासूला चार माणसांत "तुमचं दूध नको" कसं म्हणायचं? तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि किटली ओतून घेतली. आमच्या गावातल्या कुठल्याही सुनेनं हेच केलं असतं. अख्खी कढई नासली.

मालक आला तो तोंडाचा पट्टा सोडूनच. "कुणी घेतलं हे दूध?"

रुद्रेशसाहेब पुढं झाले. "इथलं काम माझ्या ताब्यात हाय मालक. मला बोला."

मालक त्यांना पोटभर बोलला. तो गेल्यावर साहेबांनी वहिनीला बाजूला घेऊन विचारलं आणि तिनं सगळं खरं सांगितलं. साहेब म्हणाले, "सासूला न्हाय म्हणायची पाळी तुमच्यावर यायलाच नको होती, ताई. ती चूक माझी."

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दारात शेगडी आली. प्रत्येकाचं पळीभर दूध आधी उकळून बघायचं, फाटलं तर परत. सगळ्यात पहिलं उकळलं ते मालकाच्या घरचं. मग हरणाबाईला रुसायला जागाच उरली नाही. तिचं दूध परत गेलं तेव्हा तिनं शेगडीलाच दोन शिव्या हासडल्या.

दोन वर्षांनी भूमकडच्या एका मोठ्या डेअरीतून वहिनीला बोलावणं आलं. पगार दीडपट. आमच्या घरावर पत्रे. उन्हाळ्यात आत भाजून निघतो आणि आईला कधीचा स्लॅब हवा होता. तिनं तर मनातल्या मनात वरचा जिनाही बांधून टाकला. दादा वहिनीला मोटारसायकलवर घेऊन गेला.

तिथला साहेब गोड बोलला, चहा पाजला. वहिनीनं एकच विचारलं, "साहेब, कढई नासली तर काय करता?"

"सोपं हाय. ज्याच्या हातनं नासली त्याच्या पगारातनं कापायची."

वहिनी चहा संपवून उठली.

घरी आल्यावर जे भांडण झालं ते शेजारच्यांनी फुकट ऐकलं. दादा म्हणाला, "आगं, रुद्रेशसाहेब काय जन्माला पुरतोय व्हय? उद्या त्यो गावाकडं परत गेला मंजी?"

"म्हणून तर ऱ्हाते. तवर त्येंच्याकडनं माणसं सांभाळायचं शिकून घेते. तिथं पगार लई हाय, पर भ्यायचं बी तेवढंच हाय."

आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, बाईचं डोकं फिरलं. चालून आलेल्या लक्ष्मीला लाथाडणं ते हेच, असं मी तोंडावर म्हणाले. वहिनी हसली आणि भाकरी थापत राहिली.

दादाचं खरं झालं. वर्षभरात रुद्रेशसाहेब लोहाऱ्याकडं परत गेले. जाताना मालकाला सांगून गेले की माझ्या जागी अयोध्याताईंना बसवा. मालकानं कुरकुर केली, पण बसवलं. पगार थोडा वाढला; त्या डेअरीएवढा मात्र अजूनही नाही. पत्रेही अजून तेच आहेत.

गेल्या महिन्यात भूमकडच्या त्याच डेअरीतल्या दोघी बाया आमच्या दारात आल्या. तिथली नोकरी सोडून आल्या होत्या. वहिनीनं त्यांना स्पष्ट सांगितलं, "इथं पगार कमी मिळंल."

त्यातली थोरली म्हणाली, "ठावं हाय बाई. तुमच्या हाताखाली काम करायचं हाय, म्हणून आलो."

 आईनं न सांगता दोघींना पाट मांडले आणि आत वळून मला म्हणाली, "बघत काय बसलीस? सायबिणीकडं माणसं आल्यात, चहा टाक."