आर्लन टॉलेफसनची रशियन रायफल

आर्लन टॉलेफसनला ओळखत नाही असा माणूस आमच्या गावात नव्हता, आणि आर्लन ज्याच्यावर विश्वास ठेवतो असाही नव्हता. कागदाच्या गिरणीच्या फाटकावर लाकडाचे ट्रक वजन करून आत सोडायचं काम त्यानं जन्मभर केलं. ड्रायव्हर लोक ओंडक्यांत दगड काय लपवायचे, लाकडावर पाणी काय मारायचे, वजनाच्या वेळी स्वतः काट्यावर काय उभे राहायचे! त्यांच्यावर नजर ठेवून ठेवून त्याची नजरच तशी झाली. चर्चमध्ये दानाची थाळी फिरायची तेव्हा हा थाळीकडे नाही, थाळी फिरवणाऱ्याच्या बोटांकडे बघायचा. बायको होती तोवर ती त्याला कोपरानं ढोसायची. ती गेल्यावर ढोसायलाही कोणी उरलं नाही.

आता त्याला गाव सोडायचं होतं. गुडघे गेले होते आणि उत्तर विस्कॉन्सिनचा हिवाळा एकट्या म्हाताऱ्याला झेपणारा नव्हे. मुलगी कॅरीन ओ क्लेअर नावाच्या शहरात राहते, तिनं खालची खोली रिकामी करून ठेवली होती. अट एकच घातली, घरात लहान पोरं आहेत तेव्हा बंदूक आणायची नाही. शिकारीच्या दोन बंदुका आर्लननं पुतण्याला देऊन टाकल्या. उरली ती एस.के.एस., जुनी रशियन लष्करी रायफल. ती त्याला फुकट द्यायची नव्हती आणि फसून तर मुळीच विकायची नव्हती.

या रायफलीची गोष्ट साऱ्या गावाला तोंडपाठ आहे. सोव्हिएत राज्य कोसळलं आणि तिकडच्या कोठारांतल्या एस.के.एस. रायफली पेट्याच्या पेट्या भरून आमच्याकडे आल्या. खिळे, रंग, दोरखंड विकणाऱ्या दुकानातही पिंपात झाडू ठेवावेत तशा उभ्या करून ठेवलेल्या असायच्या. एक गोळी झाडली की दुसरी आपोआप वर येते, मोडत नाही, थंडीत अडत नाही, आणि किंमत तेव्हा अगदी किरकोळ. आर्लन आणि डेल्मर कुचिन्स्की या दोघांनी एकाच दिवशी एकाच पेटीतून एकेक उचलली. डेल्मर म्हणजे आर्लनचा एकुलता एक दोस्त. शाळेपासूनचा. हरणांच्या मोसमात दोघं डेल्मरच्या जंगलातल्या खोपीवर जायचे, नऊ दिवस ब्रँडी प्यायचे, पत्ते कुटायचे आणि जमलं तर शिकार करायचे.

त्याच खोपीवर एका संध्याकाळी आर्लनचा हात कापला, म्हणून डेल्मरनं दोघांच्याही रायफली खोलल्या, एकाच वर्तमानपत्रावर सगळे भाग मांडले, पुसले, तेल दिलं आणि परत जोडले. दोस्तानं दोस्ताचं काम केलं, झालं. पण काही वर्षांनी या जुन्या रशियन मालाला संग्राहक विचारायला लागले, आणि आर्लनला कोणीतरी सांगितलं की रायफलीच्या प्रत्येक भागावर एकच क्रमांक असला तर तिला खरी किंमत, नाहीतर ती जोडतोड. आर्लन घरी गेला आणि भिंग घेऊन बसला. लाकडी दस्त्यावर, झाकणावर, मॅगझिनवर एकच क्रमांक. बोल्टवर मात्र भलताच. बोल्ट म्हणजे गोळीमागचं दार बंद करणारा लोखंडी तुकडा, रायफलीचा जीवच तो. आर्लनच्या मनात पाल चुकचुकली, आणि त्याच्या मनात एकदा पाल चुकचुकली की ती तिथंच घर करायची.

तो तडक डेल्मरच्या दारात गेला आणि त्याच्या बायकोदेखत त्याला चोर म्हणाला. माझा बोल्ट काढून तुझा बसवलास, तुझी सगळी जुळली, माझी मोडली. डेल्मरनं आधी हसण्यावारी नेलं. मग म्हणाला, माझी रायफल आत आहे, घे, तूच उघड. आर्लन म्हणाला, आता काय उघडायचं, मधल्या वर्षांत तू सगळं सारखं करून ठेवलं असशील. आता सांगा, अशा माणसापुढे काय डोकं आपटायचं? डेल्मरनं दार लावून घेतलं. त्याला अकरा वर्षं झाली. टपालाच्या कचेरीत समोरासमोर आले तर एक जण तिकिटांकडे बघायचा आणि दुसरा छताकडे.

रायफल विकायची ठरल्यावर आर्लननं आधी स्वतः अभ्यास केला. वाचनालयात बसून एस.के.एस.ची सगळी घराणी पाठ केली. चिनी असेल तर त्रिकोणात कारखान्याचा आकडा आणि बहुधा सुळ्यासारखी संगीन. युगोस्लाव्ह असेल तर नळीच्या तोंडाशी बाँब डागायचं नळकांडं. रशियन असेल तर झाकणावर तारा, ताऱ्यात बाण, खाली साल, आणि संगीन सुरीसारखी चपटी. आपली रशियन आहे हे पक्कं करून तो शस्त्रांच्या बाजारात गेला आणि मुद्दाम भोळा चेहरा करून म्हणाला, "कुठली आहे हो ही? मला त्यातलं काही कळत नाही." टेबलामागच्या माणसानं तारा अंगठ्याखाली झाकला आणि म्हणाला, चिनी, तीनशे डॉलर देतो. आर्लनला इतका आनंद झाला की विचारू नका. जग आपल्याला लुबाडायलाच बसलंय याचा पुरावा मिळाला की त्याची भूक वाढायची. बाहेर येऊन त्यानं दोन सॉसेज खाल्ली.

मग तो गावातल्या ग्रेटा व्हॉसकडे आला. वडिलांच्या मागे बंदूक दुरुस्तीचं दुकान तीच चालवते. आर्लननं तोच भोळा चेहरा पुढे केला. तिनं रायफल हातात घेतली, गोळीची खोबण रिकामी आहे ना बघितलं आणि म्हणाली, "रशियन. तिकडच्या ‘तुला’ नावाच्या शहरातल्या कारखान्याची, त्रेपन्न सालची. दस्ताही मूळचा दिसतोय. चांगली आहे, काका."

हे ऐकून आर्लन जास्तच सावध झाला. खरं बोलतेय म्हणजे हिचा काहीतरी मोठा डाव असणार! त्यानं स्टूल पुढे ओढलं आणि तिच्या हातांवर डोळे रोखून बसला. ग्रेटानं झाकणावर बोट ठेवलं. ताऱ्याशेजारी विजेच्या लेखणीनं कोरलेले वेडेवाकडे नऊ आकडे होते. "हा काय प्रकार?"

प्रकार आमच्याकडच्या जुन्या माणसांना वेगळा सांगायला नको. एके काळी पोलीसच सांगत फिरायचे, घरातल्या मौल्यवान वस्तूंवर सरकारनं प्रत्येकाला दिलेला आपला नऊ आकडी नंबर कोरून ठेवा, चोरी झाली तर सापडेल. कोरायची लेखणीही तेच उसनी द्यायचे. लोक एखाद्या टीव्हीवर कोरून थांबायचे. आर्लननं टोस्टर सोडला नाही, बर्फ काढायचं फावडं सोडलं नाही, आणि रायफल तर आणली त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोलून तिच्यावर नंबर घातला. लेखणी दुसऱ्या दिवशी सकाळी परत करायची होती.

"कोरीव नक्षीमुळे भाव उतरणार, काका," ग्रेटा म्हणाली. "संग्राहकाला असलं नको असतं."

"नक्षीचं सोड. बोल्ट बघ. तो माझा नाही. डेल्मरनं बदलला. तुझ्या तोंडून तेवढं एकदा ऐकू दे, म्हणजे मी सुखानं जायला मोकळा." रायफल विकणं हे निमित्त होतं, हे तेव्हा ग्रेटाच्याही लक्षात आलं. गाव सोडण्याआधी त्याला निकाल हवा होता.

तिनं बोल्ट बाहेर काढला. एका बाजूला क्रमांक होता, भलताच होता, आर्लन म्हणत होता ते खरं होतं. तिनं तो उलटा केला. दुसरी बाजू जुन्या वाळलेल्या ग्रीसनं आणि धुराच्या काजळीनं डांबरासारखी काळी झाली होती. तिनं चिंधी रॉकेलात बुडवली आणि घासायला लागली. मग ती थांबली आणि बोल्ट दिव्याखाली धरला.

"काका, हा नंबर कोणाचा?"

तेच नऊ आकडे. तोच वेडावाकडा सात. ग्रेटानं विचारलं, लेखणी नंतर पुन्हा कधी आणली होती का? नव्हती आणली. मग खोपीवर जायच्या आधीच, दुकानातून रायफल आणली त्या दिवशीच, हाच बोल्ट तिच्यात होता. ग्रेटा म्हणाली, पेटीतल्या रायफलींना ग्रीस थापलेलं असायचं, दुकानवाले सगळ्यांचे भाग एकाच पिंपात धुवायचे, कुठला कुठे गेला हे कोणी बघितलं? आर्लनला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. चोर पकडण्यासाठी त्यानं जे कोरून ठेवलं होतं, त्यानंच डेल्मरला सोडवलं होतं. ग्रेटानं सांगितलेल्या भावाला तो हो म्हणाला, घासाघीस न करता, जन्मात पहिल्यांदा.

शनिवारी मुलगी न्यायला येणार होती. शुक्रवारी दुपारी आर्लन डेल्मरच्या आवारात जाऊन उभा राहिला. डेल्मर तळ्याच्या बर्फावर ओढून न्यायची मासेमारीची खोपटी दुरुस्त करत होता. एका हातानं फळी दाबून दुसऱ्या हातानं खिळा मारायची त्याची कसरत चालली होती. त्यानं वर बघितलं आणि पुन्हा खिळ्याकडे बघितलं.

आर्लननं सगळं सांगितलं. बोल्ट, काजळी, नंबर. रस्ताभर घोकून आला होता तरी अडखळला. शेवटी म्हणाला, "चूक माझी होती, डेल्मर. तू काही केलं नव्हतंस."

"मला माहीत आहे मी काही केलं नव्हतं." डेल्मरनं हातोडी खाली ठेवली. "तो नंबर निघाला नसता तर आला असतास?"

आर्लनला खोटं बोलायची फार इच्छा झाली. जन्मभर दुसऱ्यांचं खोटं पकडणाऱ्या त्या माणसाला नेमक्या वेळी स्वतःचं एकही सुचलं नाही.

"नाही," तो म्हणाला.

"म्हणजे लोखंडानं सांगितलं म्हणून आलास. मी सांगितलं होतं तेव्हा नाही." डेल्मरचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "आयरीन गेली तेव्हा चर्चमध्ये मी मागे वळून वळून दाराकडे बघत होतो. लोकांना वाटलं, हा भावाची वाट बघतोय. भाऊ माझ्या शेजारीच बसला होता, लेका."

आयरीन म्हणजे डेल्मरची बायको. तिच्या अंत्यविधीच्या दिवशी आर्लन घरी पडदा बाजूला करून कोणाकोणाच्या गाड्या जातात ते मोजत बसला होता. हे त्याला आता आठवलं आणि इतकी लाज वाटली की डेल्मरच्या तोंडाकडे बघवेना. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं थंडीवर ढकलायचाही प्रयत्न केला नाही. पुढे होऊन त्यानं फळीच्या टोकाला हात घातला.

"मी धरतो, तू ठोक."

डेल्मरनं त्याचा हात हळूच उचलून बाजूला केला. राग नव्हता त्यात, काहीच नव्हतं.

"राहू दे," तो म्हणाला. "एकट्यानं करायची सवय झालीय मला."

डेल्मरनं पुढचा खिळा लावला, मग त्याच्या पुढचा. दुसऱ्या दिवशी कॅरीन आली, तिनं बापाच्या दोन बॅगा गाडीत टाकल्या आणि वाटेत कॉफी घ्यायची का असं विचारलं.