बिनआवाजाची गाडी

पौडच्या किराणावाल्या अमिनाचं धाकट्या दिराशी, फिरोजशी, हाडवैर. तिच्या गाडीची घरघर गल्लीच्या तोंडाशी आली की मेला घरातून पळत सुटायचा आणि दुकानापुढच्या एकमेव जागेत आपली गाडी आडवी घालायचा. पोती मग अमिनानं लांबून वाहायची.

शोरूममध्ये तिचा मुलगा शहाबाज नावाजलेली डिझेल गाडी आणि नवी हायब्रिड यांचं मायलेज तोलत बसला. अमिनाच्या डोक्यात फक्त फिरोजचे कान होते. "बिनआवाजाची कंची?" तिनं विचारलं.

शुक्रवारी हायब्रिड बॅटरीवर, मांजराच्या पावलांनी गल्लीत शिरली, तेव्हा फिरोज ओट्यावर पाठमोरा दात घासत होता. वळून बघतो तर जागा गेलेली.

अमिनानं त्याच्या हातावर पेढा ठेवला. "खा, फिरोज. तुझ्यापायीच घेतली ही."