सिस्टरचे कान

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या आरोग्य उपकेंद्रांवर फिरून तिथल्या कर्मचाऱ्यांना काय येतं, काय येत नाही आणि कुठलं प्रशिक्षण द्यायला हवं, हे तपासायचं काम माझ्याकडे होतं. आसनगावला उतरायचं, जीप पकडायची आणि अनोळखी बायकांची परीक्षा घ्यायची. साहजिकच माझं स्वागत कोणी मनापासून करत नसे. चहा मात्र सगळीकडे मिळे, आणि काय शिकायला आवडेल या प्रश्नाला उत्तरही सगळीकडे एकच, "आमाला सगळं येतं, मॅडम." येत नाही म्हटलं की ठपका येतो, हे त्या कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय शिकल्या होत्या.

शेणव्याच्या पुढच्या एका उपकेंद्रावर निवृत्तीला आलेली सिस्टर होती. गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस होता. मी कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले. बीपी घेताना सिस्टर पट्टा बांधायची, फुगा दाबायची, हवा सोडायची. स्टेथोस्कोप मात्र शेजारी बसलेल्या, गावातल्या आशाताईच्या कानात. ठोके सुरू झाले की आशाताई बोट वर करी, थांबले की खाली. सिस्टर काट्यावरून आकडा सांगे. जोडी इतकी सरावलेली की मला आधी कौतुकच वाटलं. पण परीक्षा एकेकीने द्यायची होती. मी आशाताईला बाहेर बसायला सांगितलं.

ती उठेना. "दोघी मिळून करतो आमी," ती म्हणाली.

"आज एकटीने करू दे," मी म्हटलं.

सिस्टरने पुढच्या बाईचं बीपी घेतलं आणि ठणकावून सांगितलं, "एकशेवीस, ऐंशी." त्या बाईच्या पायांवर सूज दिसत होती. मी पुन्हा मोजलं. दीडशेच्या वर होतं. मला भयंकर राग आला आणि त्याखाली भीतीही होती. बाईला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं, मग सिस्टरकडे वळले.

"आशाताई रजेवर असते तेव्हा काय करता?"

"तवा सगळ्यांना एकशेवीस, ऐंशी," ती म्हणाली. "ऐकू येत नाय, मॅडम. पेन्शन जवळ आलीय. सांगितलं आनि घरी बसवलं तर?"

ती बोलताना माझ्या ओठांकडे बघत होती, हे मला तेव्हा कळलं.

माझ्या फॉर्ममध्ये प्रशिक्षणाची गरज आहे किंवा नाही, एवढंच विचारलं होतं. कान प्रशिक्षणाने सुधारत नाहीत. पण आकडे आपोआप दाखवणारं मशीन मिळतं, त्याला कान लागत नाहीत. मी तसं सांगितलं. मशीन मागवते, बाकी काही लिहीत नाही. आशाताई दारातूनच हसली. मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सिस्टर हसली नाही. गरोदर बाईच्या पोटाला लावून ऐकायची नळी टेबलावर होती, ती तिने हातात घेतली.

"बीपीचं मशीन येल. पोटातल्या पोराचं ठोकं कोन ऐकनार? मला तर तेबी ऐकू येत नाय. लिवा तुमी."

"सिस्टर, नको ना!" आशाताई आत आली.

मी पेन उघडलं आणि फॉर्मवर मान घालूनच विचारलं, "नक्की लिहू?"

उत्तर आलं नाही. मग मान वर केली, तिच्याकडे तोंड करून पुन्हा विचारलं. तिने माझ्या ओठांकडे नीट पाहिलं आणि मान हलवली.