कोंबड्यांच्या वाळूवरचे मासे

मला समुद्राचे मासे पाळायचे होते. का, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि आजही सांगणार नाही. मुलीनं सोनं मागितलं तर कुणी कारण विचारत नाही; मासे मागितले की सगळ्या भावकीला कारण हवं असतं. मला हवे होते, बस्स.

दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्टला जायचे आणि दौंडला भाड्याच्या दोन खोल्यांत वडिलांबरोबर राहायचे. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आम्ही मूळचे मेंढरांमागे फिरणारे. शेवटचा कळप रोगानं आठ दिवसांत संपला, तेव्हापासून आबांनी दारात कुत्रंसुद्धा बांधलं नव्हतं. काचेची टाकी घरात आली तेव्हा ते म्हणाले, "आण मासे. पर एक जरी मेला तर ही पेटी मी भाईर काढीन. मुका जीव मरताना मला पुन्यांदा बघायचा न्हाई." मी वाद घातला, हरले आणि अट कबूल केली.

दुसरी अट पुण्यातल्या शोभेच्या माशांच्या दुकानदारानं घातली. समुद्राचं पाणी बनवायचं मीठ त्याच्याकडचंच घेतलं. खायच्या मिठानं भागत नाही हे मला कळत होतं. पण तळाला पसरायच्या परदेशी वाळूची किंमत त्यानं सांगितली आणि मला हसूच आलं. टाकीच्या दुप्पट! नमुना म्हणून चिमूटभर कागदात बांधून घेतली आणि म्हटलं, "वाळूचं मी बघते."

"मॅडम, दौंडहून आलात ना? हा समुद्राचा प्रकार आहे, तुमच्या तिकडं नाही जमायचा. महिनाभर टाकी चालवा, पाणी आणून दाखवा. पाणी बरोबर असेल तरच मासे देईन."

अट रास्त होती, म्हणून आणखी राग आला.

आमच्या तिकडं वाळूला काय तोटा? भीमेच्या वाळूवर अर्धं पुणं उभं आहे. घमेलंभर आणली, चाळली, धुतली. मग जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक तीत फिरवलं, तर काळे कण त्याला मिशीसारखे चिकटले. लोखंडाचा अंश असलेली वाळू मला खाऱ्या पाण्यात नको होती. भीमेची वाळू बाद.

कंपनीतल्या फिल्टरमधून काढलेली वाळू फुकट मिळत होती, दिसायला पांढरी, स्वच्छ. पण तिच्यातून कसलं पाणी गेलं होतं, त्याचे रिपोर्ट मीच लिहीत होते. तिला मी हातसुद्धा लावला नाही.

लॅबमधल्या साहेबांच्या घरी गोल्डफिश होते. त्यांनी युक्ती सांगितली, "वाळूवर लिंबू पिळायचं. फसफसली तर फेकून द्यायची. चुना असतो, पाणी बिघडवतो."

पुढच्या सुट्टीला केंदूरला चुलत्यांकडे गेले. त्यांची अंड्यांच्या कोंबड्यांची शेड होती. तिथं घमेल्यात पांढराशुभ्र शिंपल्यांचा चुरा दिसला. अंड्याचं कवच टणक व्हावं म्हणून कोंबड्यांना घालतात. मी लिंबू मागून पिळलं, चुरा सोड्यासारखा फसफसला. साहेबांच्या नियमानं नापास. चुलते पोट धरून हसले. "मेंढरामागं फिरणाऱ्याची पोर तू, आन् मासं पाळती? ते बी कोंबडीखाद्यावर?"

हात हलवत परत आले. दोन दिवसांनी माझाच मला संताप आला. लहानपणी कळपाबरोबर कोकणात उतरलो होतो, तेव्हा किनाऱ्यावर अनवाणी चालताना शिंपल्यांनी पाय कापले होते. समुद्राचे मासे जन्मभर त्याच शिंपल्यांवर राहतात, त्यांचं कोणतं पाणी बिघडलं? मी पुण्याची ती महागडी चिमूट बशीत टाकली आणि लिंबू पिळलं. तीही फसफसली! साहेबांचा नियम त्यांच्या गोड्या पाण्यापुरता खरा होता. खाऱ्या पाण्याला तोच चुना हवा असतो. मी मात्र लॅबमध्ये काम करूनही दुसऱ्याचा नियम न तपासता मान डोलावली होती.

चुलत्यांच्या चुऱ्यात औषधाची पावडर मिसळलेली होती, म्हणून एसटीनं शिरूरला गेले. खाद्याच्या दुकानात नुसता चुरा मागितला. दुकानदारानं विचारलं, "किती कोंबड्या हायेत?"

"एकबी न्हाई."

त्यानं माझ्याकडे बघत बघत पोतं बांधलं. एका पोत्याच्या किमतीत पुण्याची मूठभर वाळूसुद्धा आली नसती. घरी लोहचुंबक फिरवलं, काही चिकटलं नाही. मग नितळ पाणी येईपर्यंत धूत बसले.

महिन्यानं टाकीतल्या पाण्याची बाटली घेऊन पुणं गाठलं. दुकानदारानं तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले, रंग पाहिला, पुन्हा थेंब टाकले. "वाळू कुठली घातलीत?"

"कोंबड्यांची."

त्यानं दोन केशरी मासे पिशवीत भरून दिले.

त्या उन्हाळ्यात लोडशेडिंगनं सगळ्यांचाच जीव काढला होता. एकदा सकाळची शिफ्ट संपवून चार वाजता घरी आले, तर शेजारीण म्हणाली, लाइट दहालाच गेलीय. सहा तास हवेचा पंप बंद म्हणजे पाण्यातली हवा संपलेली. आबांची अट आठवली आणि धावतच पायऱ्या चढले.

आबा टाकीपाशी स्टुलावर उभे होते. सदरा खांद्यापर्यंत ओला. टाकीतलं पाणी तांब्यानं उचलायचं आणि हातभर उंचीवरून धार धरून परत सोडायचं, असं त्यांचं चाललं होतं. खाली वाळूवरून दोन्ही मासे एकामागं एक पोहत होते.

"कवापासून करताय, आबा?"

"लाइट गेल्यापासनं. लाइट येऊ दे न्हाईतर न येऊ दे, माझ्या घरात एकबी मरायचा न्हाई."

मी तांब्या मागितला. त्यांनी दिला नाही.