चकाकणारा कावळा

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाईट आहे; सांभाळून घ्यावं. आज ओजिमा भागातल्या मुलाच्या घरात श्राद्धाची खीर ढवळताना वास आला आणि योकोहामाच्या प्राणिसंग्रहालयातलं पक्षीघर आठवलं.

यांचं ते पहिलं श्राद्ध. आमच्या इमारतीत कावळ्यांना खायला घालायला मनाई, म्हणून पक्षीघरात सावलीतल्या काळ्या पक्ष्यापुढे मी लपवून आणलेला घास ठेवला. त्याने तो लगेच उचलला. मग तो उन्हात आला आणि अंगभर निळा-हिरवा चकाकला. मी सुनेला हाक मारली.

“अहो आई, ही आफ्रिकेतली मैना. फळं खाते, बिया लांब टाकते, त्यातून रान वाढतं,” सून म्हणाली.

“म्हणजे यांना काहीच पोचलं नाही?”

“बाबा माळी होते. कावळ्याआधी हिच्याकडेच गेले असते.”

तेव्हा मला ती चेष्टा वाटली. आता श्राद्धाला मी कावळा शोधत नाही.